पाटल्या आणि सोसायटीचा ग्रुप

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हाताखालून गेलेली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पाटल्यांचं प्रकरण मात्र आजही तारीखवार आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. तरी ते विसरता येत नाही, कारण त्यातली एक मोठी चूक माझी होती.

मी तेव्हा हडपसरच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. शुक्रवारची सकाळ होती. हजेरी झाली होती, आदल्या दिवशीचे अर्ज वाटून झाले होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे पस्तिशीतला एक गृहस्थ उभा होता. हातात टाईप केलेला अर्ज, त्याच्या तीन प्रती आणि एक पेनड्राईव्ह. इतक्या तयारीने आलेला तक्रारदार दिसला की सावध व्हावं, असं आमचे एक जुने साहेब सांगत. तो नियम आता निकामी झाला आहे. आयटीतली माणसं घरात काहीही घडलं तरी आधी फाईल करतात.

अर्ज स्वच्छ होता. त्याच्या आईच्या सोन्याच्या पाटल्यांची जोडी घरातल्या कपाटातून चोरीला गेली होती. घरी आई, तो, त्याची बायको. संशय घरकामाला येणाऱ्या बाईंवर. बाई चार वर्षं त्यांच्याकडे होत्या आणि त्याच सोसायटीत आणखी पाच घरी काम करत होत्या. पेनड्राईव्हमध्ये दारावरच्या कॅमेऱ्याचं चाळीस सेकंदांचं चित्रण होतं. मंगळवारी दुपारी बाई दारातून बाहेर पडताना दिसत होत्या. पदराखाली फुगलेली पिशवी.

"मॅडम, एव्हिडन्स क्लिअर आहे," तो म्हणाला. "आम्हाला फक्त रिकव्हरी हवी आहे."

"ते आम्ही बघू," मी म्हणाले.

गुन्हा दाखल केला. तासाभरात ठाण्याच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. त्याच सोसायटीत राहते एवढंच सांगितलं, नाव सांगायला तयार नव्हत्या. "ती दर मंगळवारी पिशवी झाकून नेते. आम्ही सगळे बघतोय. तुम्ही लक्ष घाला." अशी टीप आली की तपासाला दिशा मिळाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं.

दुपारी मावशींना बोलावून घेतलं. कामाच्या घरी त्यांना सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. वय पन्नाशीचं, सोसायटीमागच्या गावठाणात एका खोलीत राहणाऱ्या. नवरा नाही, मुलगी सासरी. त्या बाकावर ताठ बसल्या. माझ्याबरोबर महिला हवालदार होती.

"मंगळवारी पिशवीत काय होतं?"

"काय न्हवतं."

"रिकामी पिशवी एवढी फुगते का?"

"वारं गेलं आसंल."

हवालदार हसली. मी हसले नाही. पोलीस ठाण्यात चेष्टा दोन प्रकारची माणसं करतात, निर्ढावलेली आणि फार घाबरलेली. मी पहिला प्रकार धरला. पिशवीबद्दल मावशी खोटं बोलत होत्या, हे उघड होतं. एका गोष्टीत खोटं बोलतो तो दुसऱ्या गोष्टीतही बोलतो, हा हिशोब मी सरळ मांडला. पंच घेऊन त्यांच्या खोलीची झडती घेतली. अख्खी गल्ली दारात उभी राहून बघत होती. डबे, गाद्या, देव्हाऱ्याच्या मागची जागा, सगळं पाहिलं. काही मिळालं नाही. परत आणून संध्याकाळी साडेपाचपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला थांबवता येत नाही, म्हणून सोडलं आणि उद्या सकाळी यायला सांगितलं.

निघताना त्या म्हणाल्या, "मॅडम, माज्या कामाचं काय? सहा घरं हायत."

"इथून झालं की जा कामाला."

"कशी जानार? गेटवरचं मशीन न्हाई म्हनतंय मला."

तेव्हा मला कळलं. सोसायटीच्या फाटकावर एक टॅब असतो. कामाला येणारी प्रत्येक बाई त्यावर स्वतःचा क्रमांक दाबते, तिचा फोटो उमटतो, हिरवं दिसलं की आत. त्या दिवशी सकाळी मावशींचा फोटो लाल चौकटीत आला होता. तक्रारदार आमच्याकडे साडेदहाला आला. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने आठ वाजताच लिहिलं होतं, "सर्वांनी सतर्क राहावे. खालील महिलेला कोणीही काम देऊ नये." खाली मावशींचा फोटो. तो फोटो फाटकावरच्या नोंदणीसाठी त्यांनी स्वतः, नवी साडी नेसून, काढून दिलेला होता.

मी सेक्रेटरींना फोन केला. ते निवृत्त बँक अधिकारी. फार गोड बोलले.

"अहो मॅडम, आपण कोणावर आरोप केलेलाच नाही. फक्त सतर्क राहा म्हटलंय."

"आणि लाल चौकट?"

"ती तात्पुरती. तुमचा तपास पूर्ण होईपर्यंत. शेवटी तपास तर आपणच करताय ना?"

माझ्याच तपासाच्या नावावर त्यांनी तिची सहा घरं बंद केली होती. मी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी मावशी दहाच्या ठोक्याला हजर. आदल्या रात्री जेवल्या नसाव्यात, असा चेहरा. मी पिशवीचा विषय काढला नाही. ज्या गोष्टीबद्दल माणूस खोटं बोलतो, तिच्याभोवती त्याने भिंत घातलेली असते. तिथे डोकं आपटण्यात अर्थ नसतो. त्यांना चहा दिला आणि मंगळवारचा दिवस सुरुवातीपासून सांगायला लावला. पहिलं घर कोणतं, कोण दार उघडतं, काय काम.

मावशी घरं माणसांवरून सांगत नव्हत्या. खोक्यांवरून सांगत होत्या.

"तिसऱ्या मजल्यावर लहान पोर हाय. तिथं डायपरची खोकी येत्यात, मोठाली. वरच्या म्हाताऱ्याला दर चार दिसांनी औषिदाचं खोकं. सहाव्या मजल्यावरची पोरगी चपला मागवती, घालून बघती, परत धाडती. पुन्यांदा मागवती. त्या घरात मानूस एक अन् खोकी धा."

"मग ती खोकी जातात कुठे?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्या नेते."

दर मंगळवारी सहाही घरांची खोकी मोडून, पुठ्ठे दुमडून त्या पिशवीत भरत आणि गावठाणातल्या भंगारवाल्याला देत. सोसायटीचा नियम होता की सुका कचरा ठरलेल्या ठेकेदाराकडेच जायचा. वर्षापूर्वी वॉचमनने एकदा पकडलं होतं आणि पुन्हा दिसलं तर फाटकावरचं नाव काढू म्हणून दम दिला होता. म्हणून पदराखाली पिशवी. म्हणून माझ्यापुढे वारं.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर नाव काडलं आसतं न्हवं फाटकावरनं."

"ते तर काढलंच आहे."

"आता काडलंय. म्हनून आता सांगते."

हवालदार भंगारवाल्याकडे जाऊन आली. तो म्हणाला, "मावशी? दर मंगळवारी येतात. त्यांचा पुठ्ठा कोरडा असतो." पिशवीचा पुरावा तिथे संपला. माझ्या हातात आता काहीच नव्हतं. खरं तर कालही नव्हतं. चाळीस सेकंदांचं एक चित्रण होतं आणि ते तक्रारदाराने स्वतः कापून दिलेलं होतं. अख्खं चित्रण मागून घेणं हे पहिल्या तासाचं काम. ते मी दुसऱ्या दिवशी दुपारी केलं.

तक्रारदाराची कुरकुर झाली. "मॅडम, बाकी फुटेजमध्ये काहीच नाहीये. नुसते डिलिव्हरीवाले."

"द्या तेवढं."

आजींनी, म्हणजे त्याच्या आईने, पाटल्या शेवटच्या हाताळल्या आदल्या शनिवारी आणि नाहीशा झालेल्या कळल्या गुरुवारी. या सहा दिवसांत दारावर कोण आलं, ते मी आणि हवालदार टेबलावर कागद घेऊन लिहीत बसलो. भाजीवाला, किराणा, पाण्याचे जार, औषधं, बाहेरचं जेवण, पुस्तकं, एसी बसवणारे दोघे, चार्जर, पुन्हा किराणा. एकतीस वेळा बेल वाजली होती. एकतीस वेळांत घरातल्यांना नावानिशी माहीत असलेली माणसं किती, म्हणून मोजलं. मावशी सोडल्या तर एकही नाही. माझ्या आईच्या घरी दूधवाला, पेपरवाला, वाणी, सगळ्यांची नावं, गावं, पोरांच्या इयत्ता ठाऊक असायच्या. या दारात एवढी वर्दळ, आणि त्यात ओळखीचं माणूस एकच. चोरी झाली म्हटल्यावर बोट दाखवायला नाव लागतं. नाव तेवढ्या एकाच माणसाला होतं.

हवालदार म्हणाली, "मॅडम, हे सगळे देऊन जातायत. हा बघा, हा एकटा घेऊन चाललाय."

सोमवार, दुपारचे बारा चाळीस. टोपी घातलेला माणूस दारात उभा. तक्रारदाराची बायको त्याला एक चपटं पाकीट देते, तो मोबाईलवर फोटो काढतो, पाकीट पाठीवरच्या बॅगेत टाकतो, जातो. वीस सेकंदांचं काम.

रविवारी सकाळी आम्ही साध्या कपड्यांत त्या घरी गेलो. आजी सोफ्यावर बसल्या होत्या. डाव्या मनगटाला क्रेप बँडेज. जन्म पेठेत गेलेला, दोन वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आलेल्या. मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते, हे लिहितानाही मला अवघड वाटतं. ज्यांची वस्तू गेली त्यांचा जबाब तीन दिवसांत कोणीच घेतला नव्हता. अर्ज मुलाचा, सही मुलाची, प्रश्नांची उत्तरं मुलाची.

"आजी, पाटल्या हातातून कधी काढल्या?"

"शनिवारी. न्हाणीघरात पाय घसरला, मनगट सुजलं. साबण लावून सुनेने ओढून काढल्या."

"ठेवल्या कुठे?"

मुलगा म्हणाला, "कपाटात, मॅडम. अर्जात लिहिलंय."

"अर्ज मी वाचलाय. मी आजींना विचारतेय."

आजींनी मुलाकडे पाहिलं. "मला विचारलंय बरं का. मी बोलू?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी ती गार हवेची मशीन बसवायला माणसं येणार होती. ड्रॉवरमध्ये कशा ठेवणार? नेहमीप्रमाणे साडीच्या घडीत ठेवल्या. आमच्याकडे पहिल्यापासून तशीच पद्धत."

"सगळ्या साड्या झटकून बघितल्या मॅडम, मी स्वतः," मुलगा म्हणाला. "एकेक."

"कोणत्या साडीत ठेवल्या होत्या, आजी?"

"नव्या. मोरपंखी. घडी न मोडलेली साडी, तिला कोण हात लावतंय? सणावारापर्यंत ती तशीच राहणार. तिच्याइतकी सुरक्षित जागा नाही."

"ती आता कुठे आहे?"

"दिसली नाही. फॉल लावायला दिली असेल हिने."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

"आई, ती मोरपंखी परत गेली."

"परत गेली म्हणजे? कोणाकडे?"

"कंपनीकडे. मी तीन मागवल्या होत्या. एक ठेवणार होते, दोन परत. माझ्या कपाटात जागा नव्हती म्हणून तुमच्याकडे ठेवल्या होत्या. सोमवारी तुम्ही आडव्या झाला होतात, झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. जरीच्या साड्या जडच असतात, आत काही असेल असं वाटलंही नाही."

आजींनी बँडेजचं मनगट दुसऱ्या हातात धरलं. मग म्हणाल्या, "घरात आलेली साडी परत जाते, हे मला कोणी सांगितलं होतं का?"

कोणीच सांगितलं नव्हतं. सुनेच्या दृष्टीने ती साडी अजून घरात आलेलीच नव्हती. आजींच्या दृष्टीने ती आली तेव्हाच घरची झाली होती. एकाच कपाटात, एकाच फळीवर, दोघींनी दोन वेगळ्या काळातली साडी ठेवली होती. आणि तुरुंगाच्या दाराशी तिसरीच बाई उभी होती.

पुढचं काम साडी गाठण्याचं. सुनेने तिथेच बसून कंपनीला संदेश पाठवला. पलीकडून लगेच उत्तर आलं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." तिने सविस्तर लिहिलं. पुन्हा तीच दिलगिरी. मी पोलीस असल्याचं लिहायला सांगितलं. तीच दिलगिरी.

"हे कोण आहे पलीकडे?" आजींनी विचारलं.

"कोणी नाही, आई. मशीन आहे."

"बरंय. निदान माफी तरी मागतंय."

हे ऐकून मुलाने मान खाली घातली.

सोमवारी सकाळी मी पंच घेऊन थेट गोदामावर गेले. सोलापूर रस्त्यापासून आत, पत्र्याची प्रचंड शेड. परत आलेला माल तिथे उघडून तपासतात. लांब टेबलांवर पन्नासेक मुली बसलेल्या, कोणी ड्रेसच्या चेन ओढून बघतंय, कोणी चपलांचे तळवे. सुपरवायझर तरुण होता. माझं पत्र वाचून त्याने एक निळा क्रेट आणून ठेवला.

"मॅडम, लोक काय काय परत पाठवतात, बघा."

क्रेटमध्ये प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली होती. किल्ल्यांचे जुडगे, कानाचं यंत्र, लहान मुलाचा एक मोजा, कोणाचातरी गुणपत्रकाचा कागद, जपमाळ. आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत, चिठ्ठीसकट, दोन पाटल्या.

ज्या मुलीने साडीची घडी उलगडली होती तिला बोलावलं. यवतमाळकडची, विशीतली. घाबरलेली.

"तूच दिल्यास का काढून?"

"हो मॅडम. घडीतून निंघाल्या."

"कोणी बघितलं होतं का?"

तिला ते लागलं. "कॅमेरा हाय न वरते. अन नसता तरी देल्लं असतं मी. तसं लिहून घ्या."

मी तिचा जबाब घेतला आणि ते वाक्य तसंच लिहून घेतलं.

सुपरवायझर म्हणाला, "पण मॅडम, आम्ही मंगळवारीच ग्राहकाला मेल पाठवलाय." त्याने स्क्रीनवर दाखवला. मी तिथूनच सुनेला फोन केला. तिला तो मेल सापडायला बराच वेळ लागला. सवलतींच्या, सेलच्या, कुपनांच्या ढिगात तो पडला होता, न उघडलेला. "आपल्या परताव्यात एक वस्तू आढळली आहे. कृपया संपर्क साधा." मंगळवार, संध्याकाळी पाच. म्हणजे आजींना पाटल्या दिसेनाशा व्हायच्या दोन दिवस आधी उत्तर सुनेच्या पर्समध्ये येऊन बसलं होतं. ते कोणी वाचलं नाही. मावशींचा फोटो सगळ्यांनी वाचला.

पाटल्या पंचनाम्याने ताब्यात घेतल्या, पुढे कोर्टाच्या आदेशाने आजींना मिळाल्या. गुन्हा 'क' समरीत गेला. गैरसमजातून दाखल झालेल्या गुन्ह्याचा शेवट असा करतात. आमच्या रजिस्टरमध्ये प्रकरण मिटलं. मावशींचं मिटलं नव्हतं.

मंगळवारी सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. मुलाने मावशींपुढे हात जोडले, "मावशी, सॉरी. मी ग्रुपवर टाकतो आत्ताच." त्याने माझ्यासमोर टाकलं. नीट लिहिलं होतं, स्वतःची चूक कबूल केली होती. पाच-सात जणांनी नमस्काराचं चिन्ह टाकलं. सहाव्या मिनिटाला लिफ्ट बंद असल्याची तक्रार आली आणि माफी वर सरकून गेली. सेक्रेटरींना फोन लावला. लाल चौकट काढायला कमिटीची बैठक लागेल, ती रविवारी, असं म्हणाले.

तोवर ते चित्र सोसायटीपुरतं राहिलंही नव्हतं. माझ्या हवालदाराच्या नणंदेला, खडकीच्या क्वार्टर्समध्ये, तिच्या भिशीच्या ग्रुपवर मावशींचा फोटो आला होता. मजकूर वाढलेला. "ही टोळी पुण्यात फिरत आहे. सर्व पुणेकरांनी सावध राहा." एक बाई, आणि टोळी.

मावशी हे सगळं ऐकत बसल्या होत्या. मग मला म्हणाल्या, "मॅडम, मला लिवून द्या. म्या काय केलं न्हाई म्हनून. गोल शिक्क्याचं."

"असा दाखला नसतो, मावशी. तुम्ही आरोपी नव्हताच. फक्त चौकशीला बोलावलं होतं."

"आरोपी न्हवते तर घर कशाला उपसलं?"

मी वरिष्ठांकडे गेले. ते म्हणाले, असा पायंडा पाडू नका, उद्या प्रत्येक जण मागेल. मी म्हणाले, मागू देत. दोन मिनिटं माझ्याकडे बघून त्यांनी पत्रावर सही केली. चार ओळींचं पत्र, जावक क्रमांक, गोल शिक्का. मावशींनी ते वाचून दाखवायला लावलं, दोनदा.

आजीही मुलाबरोबर आल्या होत्या. त्यांनी मुलाला विचारलं, "हिचा फोटो किती घरी गेला?"

"सगळ्याच. तिन्ही विंग. आपला सोडून चौऱ्याऐंशी फ्लॅट."

"मग मी जाऊन येते."

"आई, कुठे जाणार तू? तू दोन वाक्यं बोल, मी व्हिडिओ काढतो आणि टाकतो. एका मिनिटात सगळ्यांना पोचेल."

"तू ग्रुपवर टाकलंस तेवढं पुरे."

मावशींना त्यांनी बरोबर चला म्हटलं. मावशी म्हणाल्या, "म्या कशाला यिऊ? म्या काय केलंय?" आजी म्हणाल्या, "तेही खरंच," आणि दुसऱ्या दिवसापासून एकट्या निघाल्या.

जबाब पूर्ण करायला बुधवारी हवालदार सोसायटीत गेली तेव्हा तिला आजी बी विंगच्या पाचव्या मजल्यावर भेटल्या. बँडेजचा हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हाताने बेल दाबत होत्या. दुपारी निम्मी घरं कुलूपबंद. तरी बेलच्या कॅमेऱ्यातून आवाज यायचा. घरमालक ऑफिसात बसून मोबाईलवर दार बघत असायचा.

"पार्सल खाली ठेवून जा काकू."

"पार्सल नाही. मी ए विंगची. ज्या बाईचा फोटो तुम्हाला आला, तिने काही घेतलेलं नाही. पाटल्या मीच ठेवल्या होत्या आणि आमच्याच घरातून परत पाठवल्या गेल्या. तिला कामावर घ्या."

"ओके काकू."

"ओके काय? ऐकलंत ना नीट?"

असं चौऱ्याऐंशी वेळा. माणसाशी किंवा भिंतीवरच्या त्या डोळ्याशी. रोज दुपारी दोन ते पाच. बुधवार ते शनिवार, चार दिवस लागले. रविवारच्या बैठकीत लाल चौकट काढायच्या ठरावाला एकानेही विरोध केला नाही. सेक्रेटरींनी मला फोन करून सांगितलं की कमिटीने तातडीने निर्णय घेतला.

सहापैकी चार घरांनी मावशींना परत बोलावलं. पाचव्याने तोवर दुसरी बाई ठेवली होती. सहावं घर आजींचं. सून दोनदा बोलवायला गेली. मावशींनी नाही सांगितलं. मी आजींना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बरोबर केलं तिने. मीही गेले नसते."

या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. ज्याची वस्तू गेली त्याचा जबाब त्याच्याच तोंडून, घरातल्या इतरांना बाहेर बसवून. आणि कापून आणलेलं चित्रण पाहण्याआधी अख्खं मागायचं. नवीन पोरींना ट्रेनिंगला हेच सांगत असे. पण या तपासाच्या पद्धती झाल्या. खरं शिकले ते आजींकडून. इंटरनेटने खरेदी सोपी केली, ते चांगलंच झालं. उन्हातान्हात लक्ष्मी रोडला जायची हौस मलाही नाही, माझीही भाजी मोबाईलवरच येते. एखाद्याला बदनाम करणंही तितकंच सोपं झालं, अंगठ्याचं काम. निस्तरायला मात्र अजून पायच लागतात. त्याचं ॲप निघालेलं नाही.

मावशींची माफी मी त्या दिवसांत मागितली नाही. खात्यात तशी पद्धत नव्हती, हे माझं कारण. झडतीच्या वेळी जी गल्ली बघत होती त्याच गल्लीतून, स्वेच्छानिवृत्तीनंतर, मी त्यांच्या खोलीवर गेले आणि मागितली. त्यांनी चहा केला. "बरं झालं गणवेशात आला न्हाईत. न्हाईतर परत लोक दारात आले आसते," एवढंच म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या इमारतीच्या ग्रुपवर मावशींचा फोटो आला. तीच नवी साडी, तोच फोटो. गावाचं नाव बदललेलं, टोळी आता मुलं पळवणारी झालेली. मी लिहिलं की हे खोटं आहे, याचा तपास मी केलेला आहे. खाली एकाने "काळजी घेतलेली बरी" असं लिहिलं. मी जिना चढून ज्याने तो टाकला त्याच्या दारात गेले. त्याने पुसला. त्याला कुठून आला विचारलं, तर मार्केट यार्डातल्या गाळेवाल्या मेव्हण्याकडून. मेव्हण्याला फोन केला, त्याने त्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर दिला. त्याने आणखी एकाचा. चौघांशी बोलले, चौघांनी पुसला. त्यातल्या दोघांनी पुढे खुलासाही पाठवला.

पाचव्याने फोन उचलला नाही. त्याचा पत्ता मिळालाय, हडपसरचाच आहे. उद्या दुपारी जाऊन येते.